पुलावरचं शून्य

धक्का लागला असं म्हणण्याइतकाही तो लागला नव्हता. म्कुयू पुलावर मिनीबस अगदी अंगाला घासून गेली, तिचा बाहेर आलेला आरसा एनिफाच्या कोपरावर आपटला, आपटून आरसाच आत मुडपला आणि मिनीबस पुढे निघून गेली. मागच्या खिडकीतून कंडक्टरनं डोकं बाहेर काढून हात हलवला. ती माफी होती की 'वाचलात' असं म्हणणं होतं ते कळायच्या आत गाडी वळणाआड गेली. पुढे बिझविक आपली सायकल हातानं ढकलत चालला होता. त्यानं मागे वळून न पाहताच विचारलं, "ताई, आहात ना?" "आहे." "मग या. पूल संपला की बसा." एनिफा चालत राहिली. कोपर हुळहुळत होतं, पण दुखतंय असं म्हणता येत नव्हतं. तरी काहीतरी हललं होतं आणि ते कोपरात नव्हतं. पूल संपल्यावर ती पुन्हा सायकलच्या मागच्या गादीवर बसली, लुंगीसारखं गुंडाळलेलं कापड गुडघ्याखाली सारखं केलं, आणि बिझविकनं पेडल मारलं. गेली आठ वर्षं ती अशीच कचेरीत जात होती. सकाळी कोपऱ्यावरच्या अड्ड्यावरून भाड्याचा सायकलवाला घ्यायचा, मागे बसायचं, पूल आला की उतरायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा बसायचं. पुलाआधी सायकलवाला ब्रेक दाबून एक पाय जमिनीला टेकायचा आणि बसणारा आपोआप खाली सरकायचा. उतरा म्हणून कोणी कधी सांगितलं नव्हतं. घरात शिरताना चपला काढाव्यात तसं ते अंगवळणी पडलेलं होतं. आज मात्र आरशाचा तो थंड स्पर्श कोपरावर घेऊन मागे बसल्याबसल्या तिच्या मनात आलं, आरसा मुडपला नसता तर आपली नोंद कुठे झाली असती? आणि उत्तर लगेच आलं, कारण ते उत्तर तिनं स्वतःच्या हातानं छापायला दिलं होतं. पायी चालणारे.

राजधानी लिलाँग्वेतल्या वस्त्यांना नावांऐवजी आकडे आहेत, आणि ते आकडे ज्या क्रमानं वस्त्या आखल्या गेल्या त्या क्रमानं पडलेत. त्यामुळे तीनच्या शेजारी नऊ येतो आणि पंचवीस कुठल्या कुठे जाऊन पडतो. बाहेरून आलेला माणूस पहिले सहा महिने चक्रावतो. एनिफा कडेवेरे सलिमाकडच्या सरोवराकाठच्या गावातून इथे आली तेव्हा तिला उलट बरं वाटलं होतं. आकड्यांकडे पाहून काहीतरी कळेल अशी आशा ठेवायची नाही, आकडा कसा पडला ते आधी विचारायचं, हा धडा शहरानं तिला फुकट दिला होता. त्या धड्यावरच तिची नोकरी चालत होती. शहरात सायकलींसाठी वेगळे मार्ग आखण्याचं काम निघालं होतं. नऊ ठिकाणांची यादी होती आणि पैसा आठ ठिकाणांपुरता होता. तीन वर्षांतले अपघात पाहून नवव्याला वगळायचं काम तिच्याकडे आलं. तिनं ते चोख केलं. आठ ठिकाणी सायकलवाले जखमी झाले होते. म्कुयू पुलावर तीन वर्षांत शून्य. पायी चालणारे सव्वीस जखमी, त्यांतले चार दगावले, पण पायी चालणाऱ्यांचा खर्च वेगळ्या खात्याचा होता. पूल यादीतून गळला. अहवाल छापून आला होता आणि शुक्रवारी समिती त्यावर शिक्का मारणार होती. एकदा गळलेली जागा पुन्हा यादीत यायची तर पाच वर्षं थांबावं लागलं असतं. आज बुधवार होता.

कचेरीत शिरल्या शिरल्या समितीचे चिटणीस म्सोसासाहेब भेटले. ते अहवाल नुसता हातात धरून खूश होते. "एनिफाबाई, हे तुमचं शून्य म्हणजे मला बक्षीसच आहे. नऊ जागांत एक तरी जागा आपल्या शहरात धड आहे. नाहीतर प्रत्येक बैठकीत मी आपला हुतात्मे मोजत बसतो." शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारा लुसुंगू म्हणाला, "साहेब, शून्याचं एक बरं असतं. त्याला साक्षीला बोलावता येत नाही." म्सोसासाहेब हसले. एनिफाही हसली, पण हसताना तिला आपलं तोंड कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटलं. ती खुर्चीवर बसली आणि कोपर टेबलाला टेकवायचं टाळू लागली. शून्य तिला पहिल्यापासून आवडत आलं होतं. झोंबा इथल्या कॉलेजात एक म्हातारे शिक्षक म्हणायचे की शून्य दिसलं की विचारा, पाहिलं आणि सापडलं नाही, की पाहिलंच नाही? ती हे दोन्ही प्रश्न नेहमी विचारायची. पुलाच्या बाबतीतही विचारले होते. पोलिसांनी पाहिलं होतं, दवाखान्यानंही पाहिलं होतं, दोघांचे आकडे जुळले होते. पाहिलं, सापडलं, पण दुसऱ्या नावानं, असंही शून्य असू शकतं हे मात्र शिक्षकांनी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि त्या दिवशी आपण खिडकीबाहेर पाहत असू. तिनं टेलिफोन उचलला आणि पुलाजवळच्या पोलीस चौकीला लावला. तिकडून एका हवालदाराचा झोपाळू आवाज आला. तिनं विचारलं, पुलावर जे पायी चालणारे जखमी झाले, त्यांच्याजवळ सायकल होती का? "म्हणजे हातात?" "हो, हातात. किंवा ज्या सायकलवरून उतरले, ती पुढे चाललेली." "बाई, रकाना एवढाच आहे, गाडीत, सायकलवर, की पायी. पायी म्हणजे पाय जमिनीवर. एकाच्या हातात कोंबडी होती, तीही लिहिली नाही मी." "तुम्हाला आठवतंय का कोणाजवळ सायकल होती ते?" मग तो म्हणाला, "सायकली चौकीच्या मागं पडल्यात की. न्यायलाच आलं नाही कोणी. हं, आता तुम्ही म्हणताय तर... पायी चालणाऱ्याची सायकल इथं कशाला आली असेल?" तो हे स्वतःलाच विचारत होता. एनिफानं आभार मानून फोन ठेवला.

दुपारी बाजूच्या खानावळीत मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा घास हातात गोल करता करता तिला अचानक जळक्या रबराचा वास आला. जवळ कुठे काही जळत नव्हतं. तो वास तिच्या वडिलांच्या चपलेचा होता. ते सरोवरावरून उसिपा, म्हणजे बोटाएवढी चांदीसारखी सुकी मासळी, टोपल्यांत भरून सायकलवरून आतल्या डोंगराळ गावांत विकायला न्यायचे. शाळा नसली की एनिफा पुढच्या दांडीवर घडी घातलेल्या टॉवेलवर बसायची, तिच्या डोक्यावर वडिलांचा श्वास आणि पाठीमागे मासळीचा वास. तो वास केसांत इतका मुरायचा की सोमवारी वर्गात तिच्या बाकावर कोणी बसायचं नाही. सायकलला ब्रेक नव्हते. उतार आला की वडील टायरवर चपलेचा तळवा दाबायचे आणि रबर जळायचं. पण मोठा उतार, अरुंद वळण किंवा पूल आला की ते म्हणायचे, "उतर." फक्त एवढंच. मग दोघं चालायची, ती मागून आणि ते सायकलचा कान धरल्यासारखं हँडल धरून. उन्हात मासळीचा वास चढत जायचा. तिला तेव्हा वाटायचं, शहाणी माणसं उतरतात. एकदा अशाच एका उताराला वडील चालत असताना तंबाखूच्या गासड्या भरलेला ट्रक बाजूनं गेला आणि गासड्यांच्या दोराचं सुटलेलं टोक त्यांच्या खांद्यावर बसलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, सायकलवर होता की पायी? वडील वेदनेनं पांढरे पडले होते, तरी ताठ बसले आणि म्हणाले, "पायी. वीस वर्षं सायकल चालवतोय, पडलो नाही अजून." त्या माणसानं तसं लिहून घेतलं. पुढे म्हातारपणी अंथरुणात तापानं जाईपर्यंत हे वाक्य ते कोणालाही, कधीही ऐकवायचे. पडलो नाही. ते खरंच होतं. आणि खरं असूनही, एनिफाला हातातला घास तसाच धरून वाटलं, वीस वर्षांत हा माणूस किती चालला असेल! सायकल असून. संध्याकाळी मासळीचा भाव पडल्यावर गावात पोचायचे ते याच चालण्यामुळे. आणि आपण ते वाक्य जसंच्या तसं उचललं. पंधरा वर्षांत तिच्या एकाही अहवालात चूक सापडली नव्हती. ब्लांटायरला वरच्या जागेवर बोलावलं तेव्हा आईचं कारण सांगून ती गेली नव्हती, आणि आई म्हणाली होती, माझं नाव कशाला घेतेस? जिथे रस्ता अरुंद झाला तिथे ती उतरली होती. कोणी सांगितलं नव्हतं. समोर बसलेला लुसुंगू म्हणाला, "घासाशी काय बोलणं चाललंय? तो ऐकत नाही, थंड होतोय." तिनं घास खाल्ला. घास खरंच थंड झाला होता.

पण वडील आठवले म्हणून अहवाल बदलता येत नाही, हे तिला त्या वासातही कळत होतं. आठवण म्हणजे एक माणूस, आणि कोपर म्हणजे एक कोपर. पुलावर सायकलवाले उतरतात असं वाटणं वेगळं आणि किती उतरतात ते सांगता येणं वेगळं. म्हणून गुरुवारी सकाळी ती कचेरीत गेलीच नाही. पुलाच्या अलीकडच्या तोंडाला एक बाई तेलात मंदासी तळत बसायची. पिठाचे ते गोल तांबूस गोळे घ्यायला माणसं थांबायची, म्हणून बसायला लाकडी फळी होती. एनिफानं दोन मंदासी घेतल्या आणि फळीवर जागा घेतली. बाईनं विचारलं, "कोणाची वाट बघताय?" "सायकलींची." "मग बसा, त्यांना काय तोटा." सायकली येत होत्या. कोळशाची पोती लादलेल्या, दुधाचे कॅन लटकवलेल्या, मागच्या गादीवर शाळेच्या गणवेशातली दोन दोन पोरं एकामागे एक बसवलेल्या. पुलाच्या तोंडाशी येऊन सायकलवाला पाय टेकायचा आणि माणसं उतरायची. उतरून कठड्यालगत एकामागे एक अशी रांगेनं जायची आणि त्यांच्या खांद्याला लागून मिनीबस जायच्या, कंडक्टर दारात लोंबकळत वस्त्यांचे आकडे ओरडत असायचा. लांबून पाहिलं तर ती पायी चाललेल्या माणसांची रांग होती. त्यांच्या हातात सायकली आहेत हे दिसायला सायकलीच शोधाव्या लागत. एनिफा एकेक रेघ मारत गेली. ऊन डोक्यावर आलं तोवर सहाशेच्या वर सायकली झाल्या आणि त्यातले जेमतेम चाळीस जण न उतरता गेले. बहुतेक पोरंसोरं, जिवावर उदार झालेली. रेघा मारता मारता तिला एक विचित्र सुख वाटू लागलं, कितीतरी वर्षांनी आकडा जन्माला येतानाच बघितल्यासारखं. आजवर आकडे तिच्याकडे मोठे होऊन, कपडे घालून यायचे.

बिझविक गिऱ्हाईक सोडून परतताना तिला पाहून थांबला. "ताई, नोकरी गेली की काय? मंदासीच्या धंद्यात पडलात?" तिनं त्याला बसायला सांगितलं. "बिझविकदादा, हा पूल कसा आहे?" "चांगला आहे. आमच्या अड्ड्यातलं कोणी इथं सायकलवरून पडलेलं मी ऐकलं नाही. गोल चौकात पडतात, बाजारापाशी पडतात. इथं नाही." "मग उतरता कशाला?" त्यानं पुलाकडे पाहिलं, जणू पूल सांगेल. "अड्ड्याचा नियमच आहे. पुलावर जो गिऱ्हाइकाला बसवून नेईल त्याला आठवडाभर रांगेत शेवटी उभं करतात." "नियम का केला?" "मी आलो तेव्हा होताच." मग जरा वेळानं, हसत पण हसू अर्धवट ठेवून, तो म्हणाला, "म्हणजे काय, उतरतो म्हणून चांगला आहे, असं? मग तो चांगला कुठे राहिला?" मंदासीवाली कढईवरून नजर न काढता म्हणाली, "त्याचा भाऊ हितंच गेला की. सायकल हातात घेऊन चाललावता." बिझविक म्हणाला, "तो चालत होता, मावशी. ती गोष्ट वेगळी." आणि बोलता बोलता त्याचा चेहरा बदलला. एनिफानं दुसरीकडे पाहिलं. बोलण्यासारखं होतं ते त्यानं स्वतःच ऐकलं होतं. त्याला पण तेच शून्य दिसत होतं जे तिला दिसलं होतं. त्यानं ते छापलं नव्हतं इतकाच फरक होता.

शुक्रवारी बैठकीआधी तिनं म्सोसासाहेबांना दोन पानं दिली. ते उभ्याउभ्या वाचू लागले आणि पहिल्या पानावरच खाली बसले. "बैठक दहाला आहे आणि आत्ता शून्य बदलताय?" "शून्य बदलत नाही, साहेब. शून्य बरोबर आहे. त्याचा अर्थ चुकीचा लावला, आणि तो मी लावला." "कोणाला कळणार होतं?" "मला कळलं ना." "तुमचा हाच तर छळ आहे," ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता, दमल्यासारखं काहीतरी होतं. मग त्यांनी दुसरं पान उलटलं आणि कपाळावर हात मारला. "हे काय? 'मार्ग केल्यास पुलावर सायकलस्वारांच्या अपघातांची नोंद शून्यावरून वाढेल.' एनिफाबाई, देवाशपथ, पैसे मागायला जाताना अपघात वाढतील असं कोणी लिहून देतं का?" "मार्ग झाला की लोक उतरणार नाहीत. आज लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी वाढलेला आकडा बघून लोक मार्ग उखडून टाकतील." "हे वाक्य तरी काढा." "तेच वाक्य ठेवायचं आहे. बाकीची काढली तरी चालतील." तिच्या आतून कोणीतरी ओळखीच्या आवाजात म्हणत होतं, उतर. तिनं पानं परत हातात घेतली आणि सभागृहाकडे चालू लागली.

समितीच्या अध्यक्षा मिसेस कलोंगा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. समोरच्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत चष्म्याच्या वरून बघत राहायची त्यांची सवय शाळेपासूनची. एनिफानं आकडे मांडले. बोलताना आपला आवाज जरा पातळ लागतोय हे तिला जाणवलं. "म्हणजे," मिसेस कलोंगा म्हणाल्या, "पुलावर सायकलवाल्यांना अपघात होत नाहीत, कारण पुलावर सायकलवालेच नाहीत." "आहेत, बाई. पण त्या जागेपुरते ते पायी असतात." एक सभासद म्हणाले, "मग प्रश्न काय? सायकलला पुलावर बंदीच घाला. शून्य पक्कं होईल." मिसेस कलोंगांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मग पूलच पाडू या ना. सगळीच शून्यं एका दिवसात." थोडं हसणं झालं. मग त्या एनिफाकडे वळल्या. "तुम्ही लिहिलंय, मार्ग केला की तुमचा हा आकडा वाढणार. मग मार्ग केला आणि आकडा वाढला, तर चांगलं झालं की वाईट झालं हे मी कशावरून ओळखायचं?" हा प्रश्न एनिफानं स्वतःला रात्री विचारला होता, पण दुसऱ्याच्या तोंडून तो जास्त स्वच्छ वाटला. "एकटा तो आकडा बघू नका. सायकलवर आणि पायी, दोन्ही मिळून पुलावर किती जखमी झाले ते घ्या. आणि पुलावरून एकूण माणसं किती गेली ते मोजून त्यानं भागा. माणसं वाढली आणि जखमा तितक्या वाढल्या नाहीत, तर चांगलं झालं." "आणि तितक्या वाढल्या तर?" "तर मी चुकले असेन. तेही मीच लिहीन." "तुम्हाला काय वाटतं?" "मला वाटतं, कमी होतील. वाटतं असं म्हणतेय मी. खात्रीला एक वर्ष लागेल." मिसेस कलोंगांनी चष्मा काढून पुसला. "शाळेत," त्या म्हणाल्या, "ज्या वर्गात कोणी प्रश्नच विचारत नाही, तो वर्ग हुशार आहे असं इन्स्पेक्टर लिहून जायचे." पूल यादीत राहिला. पक्का मार्ग लगेच नाही. पावसाळा येईपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत दोन्ही कठड्यांलगत रंगवलेली पिंपं ठेवून पट्टा आखायचा, मोजायचं, मग बघू. बाहेर आल्यावर म्सोसासाहेब म्हणाले, "पिंपं मिळाली आपल्याला. रिकामी. अभिनंदन." पण त्यांनी तिच्यासाठी दार धरून ठेवलं होतं.

पिंपं आली, सिमेंटनं भरली गेली, पांढऱ्या रंगावर तांबडे पट्टे मारले गेले. मिनीबसना वेग कमी करावा लागला आणि कंडक्टरांनी दोन दिवस पिंपांच्या आईबापांचा उद्धार केला. आणि सायकलवाले? पुलाच्या तोंडाशी येऊन पाय टेकायचे, उतरायचे आणि पिंपांच्या आत, कोणाचाही धक्का न लागता, आरामात चालत पूल ओलांडायचे. पहिल्या आठवड्यात एनिफाच्या रेघांमध्ये काहीच फरक पडला नाही. ती सकाळी फळीवर बसून बघायची आणि तिला हसू यायचं, रडूही. रस्ता बदलला होता, पाय बदलले नव्हते. सोमवारी ती बिझविकच्या मागे बसून निघाली. पूल आला. त्यानं ब्रेक दाबला, पाय टेकला, आणि सवयीनं तिचं शरीर खाली सरकू लागलं. अर्ध्या वाटेत तिनं गादीची कड घट्ट धरली. "चल दादा." "ताई, नियम..." "आठवडाभर शेवटी उभं केलं तर मी रोज तुझ्याच अड्ड्यावर येऊन तुझ्याचसाठी थांबेन." तो मागे वळून बघत राहिला. मग त्यानं पाय उचलला आणि पेडल मारलं. पिंपं एकेक करून मागे जाऊ लागली. सायकल जरा डगमगली, मग सरळ झाली. तिची बोटं कडेत रुतली होती, आणि तरी तिला नदी दिसली. चालताना डोळे पायांकडे आणि मिनीबसकडे असायचे. आता खालचं तपकिरी पाणी, खडकांवर वाळत घातलेले कपडे, पाण्यात उभी राहून कपडे आपटणाऱ्या बाया आणि त्यांच्या हातातून उडणारे पांढरे थेंब, सगळं दिसलं. आठ वर्षं ती या नदीवरून जात होती. बिझविक वाऱ्यात ओरडला, "ताई, आहात ना?" "आहे," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच मोठ्या आवाजानं दचकली. मागून एका कोळसेवाल्यानं शिट्टी मारली. तोही बसून येत होता.

त्यानंतर रेघा हलू लागल्या. आधी पोरं, मग दूधवाले, मग अड्ड्यांवर भांडणं झाली आणि एका अड्ड्यानं नियम मोडीत काढला, मग दुसऱ्यानं. एका शनिवारी दुपारी एनिफा फळीवर बसलेली असताना पुलाच्या मध्यावर पत्र्याचा मोठा आवाज झाला. एक जाडजूड बाई, स्वतःची सायकल स्वतः चालवणारी, मागे टोमॅटोंनी भरलेलं घमेलं बांधलेली, पिंपाला घासून आडवी झाली होती. टोमॅटो पिंपांच्या फटीतून रस्त्यावर घरंगळत होते. एनिफा धावली. मिनीबस थांबली होती, कंडक्टर खाली उतरून दोन्ही हात पसरून मागच्या गाड्या अडवत होता आणि त्याच वेळी एक टोमॅटो खातही होता. बाई उठून बसली होती. गुडघ्याचं सालटं निघालं होतं, तिथं रक्ताचे ठिपके फुटत होते. "हे डबे कोणी ठेवलेत?" "आम्ही." "आम्ही म्हणजे कोण? नाव सांग." "एनिफा कडेवेरे." "एनिफा कडेवेरे, माझे टोमॅटो वेच." एनिफा वाकून टोमॅटो वेचू लागली, फुटलेले वेगळे, धड वेगळे. वेचता वेचता तिनं विचारलं, "तुम्ही सायकलवर होता ना?" "मग काय पोहत होते?" "म्हणजे उतरून चालत नव्हता?" बाई गुडघ्याला थुंकी लावता लावता थांबली आणि या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय का ते पाहू लागली. "बाजार भरलाय तिकडे. चालत कशाला जाऊ? दिवस घालवायचाय का मला?" घमेलं बांधून झालं. बाईनं हँडल सरळ केलं, पुढचं चाक उचलून फिरवून पाहिलं. अर्धा पूल अजून पुढे होता. एनिफा पिंपाला टेकून उभी राहिली, बाई सायकल ढकलत निघते का ते बघत. बाईनं कापड वर खोचलं, दुखऱ्या पायानं पेडलवर जोर दिला, एक शिवी हासडली आणि स्वार होऊन पिंपांच्या आतून सरळ निघून गेली. कंडक्टरनं हात खाली केले. गाड्या सुरू झाल्या. एनिफानं कागद काढला आणि म्कुयू पूल, सायकलस्वार, या रकान्यात लिहिलं, एक. मग शेऱ्यात लिहिलं, जखम किरकोळ, पुढचा प्रवास सायकलवरूनच.